‘लॉगिन होत नाही’: पासवर्ड रीसेट करूनही तीच तक्रार परत येते तेव्हा

सभासदांपुरत्या साइटचं काम बघणाऱ्या कुणालाही हा निरोप ओळखीचा असतो: ‘लॉगिन होत नाहीये, जरा बघाल का?’ आपण पासवर्ड रीसेट करून देतो, पलीकडून ‘झालं, धन्यवाद’ येतं आणि महिन्याभरात तोच माणूस पुन्हा तेच कळवतो. मग त्याला विसराळू ठरवून आपण मोकळे होतो. काही जण असतातही विसराळू. पण एकाच खात्याची तक्रार तिसऱ्यांदा आली, तर दोष बहुधा साइटमध्ये असतो आणि दर रीसेटला तो झाकला जातो. रीसेटमुळे सेशन (हा सभासद लॉगिन आहे ही साइटकडची आठवण) नव्याने सुरू होतं, कुकी (ती ओळख ब्राउझरात ठेवणारी छोटी नोंद) नवी मिळते, त्यामुळे चार दिवस सगळं सुरळीत चालतं. मूळ कारण होतं तिथंच राहतं.

‘लॉगिन होत नाही’ या एका वाक्यात चार निरनिराळे बिघाड लपलेले असतात. खातंच सापडत नाही, हा पहिला. खातं सापडतं पण पासवर्ड जुळत नाही, हा दुसरा. पासवर्ड जुळतो पण पुढच्याच पानावर साइट ओळख विसरते, हा तिसरा. ओळख टिकते, पण हे पान बघायचा अधिकार तुम्हाला नाही असं साइट सांगते, हा चौथा. रीसेट हा यांतल्या फक्त दुसऱ्यावरचा इलाज आहे आणि तिथेही तो दरवेळी लागू पडत नाही. म्हणून हात लावण्याआधी गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते शोधायचं.

आधी विचारायचं काय

‘पासवर्ड बरोबर टाकताय ना?’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही, कारण उत्तर कायम ‘हो’ असतं. त्याऐवजी पडद्यावर नेमकं काय दिसलं ते विचारा, जमल्यास स्क्रीनशॉट मागवा. ‘चुकीचा पासवर्ड’ असं लिहून आलं, की काहीच न सांगता लॉगिनचं पान परत समोर आलं? या एका फरकावर अर्धा तपास होतो. संदेशाशिवाय तेच पान परत आलं असेल तर पासवर्ड सर्व्हरने स्वीकारला असण्याचीच शक्यता जास्त, बिघाड कुकीत किंवा सेशनमध्ये आहे. वर कोपऱ्यात सभासदाचं नाव दिसतंय पण लेख उघडत नाही, तर लॉगिन झालेलं आहे. प्रश्न सदस्यत्वाच्या नोंदीचा आहे.

त्यानंतर दोनच गोष्टी: दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर चालतं का, आणि त्याच ब्राउझरच्या खाजगी विंडोत चालतं का. खाजगी विंडोत चाललं तर जुनी कुकी, साठवलेला पासवर्ड किंवा एखादं एक्स्टेन्शन, एवढ्यातच शोधायचं. तिथेही नाही चाललं तर सभासदाला ‘कॅशे साफ करा’ म्हणून पिटाळण्यात अर्थ नाही.

तुमच्याकडूनही एक तयारी हवी. लॉगिनच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद सर्व्हरवर राहिली पाहिजे: वेळ, खात्याचा क्रमांक, ब्राउझर, आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) आणि नकाराचं खरं कारण. बाहेर सभासदाला ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढंच सांगायचं, हे योग्यच. नाहीतर कोण सभासद आहे आणि कोण नाही हे कुणीही एकेक ईमेल टाकून शोधून काढेल. पण आतल्या नोंदीत मात्र ‘खातं नाही’, ‘पासवर्ड जुळला नाही’, ‘खातं बंद’, ‘तात्पुरतं कुलूप’ हे वेगवेगळं दिसायला हवं. पासवर्ड नोंदीत कधीही जाता कामा नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जे खातं सापडलंच नाही त्यासाठी टाइप केलेलं नावही जसंच्या तसं लिहू नका. घाईत लोक पहिल्याच चौकटीत पासवर्ड टाइप करतात आणि तो तुमच्या लॉगमध्ये उघडा पडून राहतो.

पासवर्ड ‘आपोआप’ बदलतो तेव्हा

सर्वांत चिवट तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबतो. सभासद म्हणतो: ‘परवाच रीसेट केला, फोनवर चाललं. आज लॅपटॉपवर म्हणतंय पासवर्ड चुकीचा.’ लॅपटॉपच्या ब्राउझरने जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असतो आणि चौकटीत तोच गुपचूप भरून देतो. सभासदाला दिसतात फक्त ठिपके. तो बटण दाबतो, नकार येतो, ‘पासवर्ड विसरलात?’वर जातो आणि आणखी एक नवा पासवर्ड ठेवतो. आता लॅपटॉप चालतो, पण फोनमध्ये साठवलेला पासवर्ड शिळा झालेला असतो. फोनवरचं सेशन संपलं की तिथून तक्रार. सभासद शपथेवर सांगतो की पासवर्ड आपोआप बदलतोय, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते खोटंही नाही.

ब्राउझर नवा पासवर्ड जुन्याच्या जागी का लिहीत नाही? कारण आपल्या रीसेटच्या पानावर ‘नवा पासवर्ड’ आणि ‘पुन्हा लिहा’ एवढ्या दोनच चौकटी असतात. हा पासवर्ड कुठल्या खात्याचा हे ब्राउझरला कळायला तिथे काहीच नसतं. मग तो विचारतच नाही, किंवा नाव नसलेली वेगळीच नोंद करून ठेवतो. इलाज अगदी छोटा आहे. त्याच फॉर्ममध्ये सभासदाचा ईमेल बदलता न येणाऱ्या चौकटीत दाखवा आणि चौकटीत काय भरायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या तिच्या ‘ऑटोकम्प्लीट’ गुणधर्माला ‘यूजरनेम’ ही किंमत द्या. दोन्ही पासवर्डच्या चौकटींना ‘न्यू-पासवर्ड’, आणि लॉगिनच्या पानावरच्या चौकटीला ‘करंट-पासवर्ड’. एवढ्याने ब्राउझर आणि पासवर्ड मॅनेजर जुनी नोंद बदलायची का असं विचारू लागतात. शिवाय पासवर्ड दाखवणारं डोळ्याचं बटण ठेवा. आत काय भरलं गेलंय हे दिसलं तर निम्मे लोक स्वतःच सावरतात.

याच दुखण्याची दुसरी बाजू ॲडमिनच्या खोलीत असते आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सभासद फोन नंबर बदलून मागतो. कार्यालयातलं कुणीतरी त्याचं खातं संपादनासाठी उघडतं. त्या पानावर खाली ‘नवा पासवर्ड (बदलायचा असल्यास)’ अशी रिकामी चौकट असते. ती रिकामी राहिली तर पासवर्ड तोच राहतो, अशी रचना. पण कार्यालयातल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये याच साइटचा पासवर्ड साठवलेला असतो, त्याचा स्वतःचा. पासवर्डची चौकट दिसताच ब्राउझर तो भरून टाकतो. तो माणूस वर फोन नंबर बदलतो, खाली न बघता ‘जतन करा’ दाबतो, आणि सभासदाचा पासवर्ड कार्यालयातल्या माणसाचा पासवर्ड होऊन बसतो. हा सुरक्षेचा गोंधळ आहेच. शिवाय वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनच्या कुकीवरची सही बनवताना साठवलेल्या पासवर्ड-हॅशचा (पासवर्डपासून बनवलेल्या सांकेतिक रूपाचा) एक तुकडा वापरला जातो, त्यामुळे पासवर्ड बदलला की त्या सभासदाची सगळीकडची लॉगिनं त्याच क्षणी बाद होतात.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक खात्यासमोर ‘पासवर्ड शेवटचा कधी आणि कुणाकडून बदलला’ अशी नोंद ठेवा. दुपारी ३:१२ ला ॲडमिनने फोन नंबर बदलला आणि त्याच ३:१२ ला पासवर्डही बदलला, असं दिसलं की चोर सापडला. दुरुस्ती म्हणून त्या चौकटीलाही ‘न्यू-पासवर्ड’ ही खूण द्या. पण माझं मत विचाराल तर संपादनाच्या पानावरून ती चौकटच काढून टाका. ॲडमिनला सभासदाचा पासवर्ड ठरवायची गरज कधीच पडू नये; ‘रीसेटची लिंक पाठवा’ हे बटण पुरे. पासवर्ड ठरवून तो चॅटवर पाठवणं ही सवय तर आजच सोडा. तो पासवर्ड दोघांना माहीत राहतो, सभासद तो पुढे बदलत नाही, आणि थोड्याच काळात निम्म्या सभासदांचा पासवर्ड साइटचं नाव अधिक चालू वर्ष असा होऊन बसतो.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारं एखादं प्लगिन चालू असेल तर तेही बंद करा. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेने २०१७च्या मार्गदर्शनातच सांगितलं होतं, की गळतीचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि आपल्याकडे तक्रारींचा हंगाम सुरू होतो.

पासवर्ड तोच, अक्षरं वेगळी

फोनवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून कुणी पासवर्डमधला पाच टाइप केला, तर काही कीबोर्डवर मराठी ‘५’ पडतो. माणसासाठी दोन्ही पाचच. सर्व्हरसाठी मात्र मराठी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं, हॅशही वेगळा. खरी गंमत तेव्हा, जेव्हा पासवर्ड ठेवतानाच मराठी आकडे पडलेले असतात: मग त्या फोनवरून रोज लॉगिन होतं आणि कुठल्याही संगणकावरून होत नाही. ईमेलच्या, फोन नंबरच्या आणि ओटीपीच्या चौकटीत आकडे सर्व्हरवर निमूटपणे बदलून घ्यावेत, तिथे प्रश्नच नाही. पासवर्डच्या बाबतीत आधी जसा आला तसाच तपासावा आणि नाही जुळला तर आकडे बदलून एकदा तपासावा. सरसकट बदलून घेतलं तर ज्यांनी मराठी आकड्यांनीच पासवर्ड ठेवलाय ते बाहेर राहतील.

बाकीचे नेहमीचे संशयित झटपट सांगतो. पहिलं अक्षर आपोआप मोठं होणं: ईमेल आणि यूजरनेमच्या चौकटीला ‘ऑटोकॅपिटलाइज’ बंद करा आणि ईमेलची तुलना लहान अक्षरांत करा. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की मागे स्पेस पडते, मेलमधून कॉपी केलं तरी पडते: ईमेलच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटून टाका. पासवर्डची लांबी नोंदणीच्या पानावर ५० आणि लॉगिनच्या पानावर ३२ अक्षरांवर तोडलेली असणं, असलेही प्रकार सापडतात. दोन्ही फॉर्म शेजारी उघडून बघा.

पासवर्ड देवनागरीत ठेवू देत असाल तर आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. बीक्रिप्ट ही हॅश-पद्धत पहिल्या ७२ बाइटांपुरतंच बघते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हांच्या पुढचं बीक्रिप्टच्या लेखी नसतंच, आणि काही लायब्ररी तर एवढा लांब पासवर्ड सरळ नाकारतात.

रीसेटचा मेल आला, पण लिंक ‘बाद’

मेलच येत नाही ही तक्रार पाठवणाऱ्या सर्व्हरची. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या पत्त्यावरून आल्याच्या खुणा) मागायला सुरुवात केली. जीमेलकडे दिवसाला ५,००० वा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात आणि वर डीमार्कही (या खुणा न जुळलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). होस्टिंगच्या साध्या मेल-फंक्शनवरून पाठवत असाल तर आधी तिकडे बघा.

लिंक येते पण दाबल्यावर ‘मुदत संपली’ म्हणते, ही जास्त कोड्यात टाकणारी तक्रार. मेल यायला उशीर लागतो, म्हणून सभासद बटण तीनदा दाबतो. बहुतेक प्रणालींत नवी लिंक निघाली की आधीची बाद होते. मग तिन्ही मेल एकदम येतात, विषय एकच असल्याने जीमेल त्यांची एकच गड्डी करतं, आणि सभासद त्यातला पहिला, म्हणजे बाद झालेला, उघडतो. विषयाच्या ओळीत वेळ घाला, ‘पासवर्ड बदलण्याची लिंक, सकाळी १०:४२’ अशी. मेल वेगवेगळे राहतात आणि कुठला ताजा ते कळतं. त्यापेक्षाही बरं म्हणजे पाचेक मिनिटांत पुन्हा मागणी आली तर नवा मेल न धाडता ‘लिंक नुकतीच पाठवली आहे’ असं सांगणं. वर्डप्रेसमध्ये लिंकची मुदत मुळात एक दिवसाची असते, तेव्हा तासाभरात दाबलेली लिंक बाद निघाली तर मुदतीला दोष देऊ नका.

ठरावीक कार्यालयांच्या ईमेलवरच लिंक कायम बाद निघत असेल तर कारण वेगळं. तिथली मेल-सुरक्षा प्रणाली मेल पोचवण्याआधी त्यातल्या लिंक स्वतः उघडून तपासते. आपली लिंक एकदाच चालणारी. ती त्या तपासणीतच खर्ची पडते. म्हणून लिंक उघडल्यावर फक्त एक पान दिसावं आणि टोकन (लिंकमधला गुप्त कोड) वापरलं जावं ते सभासदाने त्या पानावरचं बटण दाबल्यावर. ईमेलवरून थेट लॉगिन देणाऱ्या लिंकलाही हेच लागू.

लॉगिन झालं आणि पुन्हा लॉगिनचंच पान

पासवर्ड जुळला, सर्व्हरने कुकी दिली, पण ब्राउझरने ती पुढच्या विनंतीबरोबर परत आणली नाही. बिघाडाचं सार एवढंच. तो होण्याच्या वाटा मात्र बऱ्याच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये नेटवर्कचा टॅब उघडून लॉगिनच्या उत्तरात ‘सेट-कुकी’ आली का, आणि त्यापुढच्या विनंतीत ती गेली का, एवढं बघितलं की नुसते अंदाज थांबतात.

सर्वांत साधी वाट म्हणजे पत्त्याच्या पुढचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. लॉगिनचं पान त्याच्यासह, मेलमधल्या लिंक त्याच्याशिवाय, आणि कुकी दिली ती एकाच पत्त्यापुरती. सभासद मेलमधून आला की परका. एक पत्ता पक्का करा आणि दुसऱ्यावरून कायमचं ३०१ वळण द्या. दुसरी वाट प्रॉक्सीची, म्हणजे ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधल्या सर्व्हरची: ब्राउझर ते प्रॉक्सी एचटीटीपीएस, पण प्रॉक्सी ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी. साइटला वाटतं जोडणी असुरक्षित आहे, ती सुरक्षित पत्त्यावर वळवते, प्रॉक्सी पुन्हा साध्यावरून आणते, आणि फेऱ्या सुरू. प्रॉक्सीकडून येणारा मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर साइटने मानला पाहिजे, फक्त तो तुमच्याच प्रॉक्सीकडून आला असेल तर.

आता वर्गणीच्या नूतनीकरणाचा प्रकार, जो दरवर्षी ठरल्या वेळी डोकं वर काढतो. सभासद लॉगिन करतो, पैसे भरायला पेमेंट गेटवेवर जातो, पैसे कटतात, परत येतो तर साइट म्हणते ‘लॉगिन करा’. घाबरून तो पुन्हा पैसे भरतो. गेटवे परतीला अनेकदा पोस्ट (म्हणजे फॉर्मसारखी माहिती पाठवणारी) विनंती करतं, आणि ती परक्या साइटवरून आलेली असते. परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जावी का, हे तिच्या ‘सेमसाइट’ या गुणधर्मावर ठरतं. क्रोमने २०२० पासून ‘सेमसाइट’ न लिहिलेल्या कुकीला ‘लॅक्स’ मानायला सुरुवात केली. लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. न लिहिलेल्या कुकीला क्रोमने दोन मिनिटांची सवलत ठेवली, म्हणून तपासाला आणखी चकवा बसतो: लॉगिन करून लगेच पैसे भरले तर चालतं, निवांत कार्ड शोधून भरले तर नाही. आपण चाचणी करतो ती नेमकी लगेचची.

इथवर नुसती कुकी ‘न आलेली’ असते, ब्राउझरात ती शाबूत असते. खरा घात पुढे होतो. परतीच्या पत्त्यावरची आपली स्क्रिप्ट सुरुवातीलाच सेशन उघडते. कुकी आली नाही म्हणून नवं रिकामं सेशन तयार होतं आणि त्याची कुकी त्याच नावाने परत पाठवली जाते. चांगली कुकी पुसली गेली. आता सभासद खरोखरच बाहेर. म्हणून परतीच्या पत्त्यावर सेशन उघडायचंच नाही. गेटवेची सही तपासायची, भरणा कुणाचा ते ऑर्डर क्रमांकावरून ओळखायचं, नोंद करायची आणि ३०३ वळण देऊन सभासदाला साध्या गेट (नुसतं पान मागणाऱ्या) विनंतीने ‘धन्यवाद’च्या पानावर न्यायचं. तिथे लॅक्स कुकी जाते आणि तो लॉगिन झालेलाच असतो. कुकीवर ‘स्ट्रिक्ट’ लावलं असेल तर मात्र इथेही जाणार नाही. सभासदांच्या साइटला लॅक्स पुरतं. सेमसाइट ‘नन’ करून सुटका करून घेण्याचा सल्ला बराच फिरतो. तो घेऊ नका, त्याने दुसऱ्या साइटवरून खोट्या विनंत्या घुसवायला दार उघडं होतं.

लॉगिन नीट होतं पण लांबलचक फॉर्म भरेपर्यंत उडतं, असं असेल तर सेशनचं आयुष्य बघा. पीएचपी या साइट लिहिण्याच्या भाषेत सेशनची मुदत ठरवणारं ‘जीसी मॅक्सलाइफटाइम’ मुळात १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं. तुम्ही ते वाढवलं असलं तरी सेशनच्या फाइली दुसऱ्या एखाद्या ॲप्लिकेशनबरोबर एकाच फोल्डरात पडत असतील, तर ज्याची मुदत सर्वांत कमी तो सगळ्यांच्याच फाइली झाडून टाकतो. वेगळं फोल्डर द्या. वर्डप्रेस या सेशनवर चालत नाही; तिथे ‘मला लक्षात ठेवा’वर खूण नसेल तर लॉगिन २ दिवस, असेल तर १४ दिवस टिकतं. ‘दर दोन दिवसांनी बाहेर काढतंय’ ही तक्रार म्हणजे बहुधा न केलेली ती खूण. आणि एखाद्या दिवशी सगळेच सभासद एकदम बाहेर पडले, तर कुणीतरी सेटिंगमधल्या, कुकीवर सही करणाऱ्या गुप्त किल्ल्या बदलल्या का ते विचारा. साइट हलवताना हे हमखास होतं.

काही ॲपमध्ये लिंक दाबली की ती ॲपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याच्या कुकी वेगळ्या, त्यामुळे क्रोममध्ये लॉगिन असलेला सभासद तिथे पाहुणा असतो. यावर आपल्याकडे फारसा उपाय नाही, पण लॉगिनच्या पानावर ‘नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा’ एवढी ओळ टाकली तरी फोन कमी होतात.

दुसऱ्याचंच नाव दिसलं तर

‘मी लॉगिन केलं आणि वर भलत्याचंच नाव आलं’ असं कुणी कळवलं तर बाकी सगळं सोडून आधी पेज-कॅशे (तयार पानांच्या प्रती ठेवणारी सोय) आणि सीडीएन (त्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) बंद करा. तपास नंतर. एका सभासदासाठी तयार झालेलं पान कॅशेत जाऊन दुसऱ्याला वाढलं गेलंय. हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडलेलं आहे: २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानावर कॅशेच्या चुकीच्या मांडणीमुळे लोकांना परक्या खात्यांची पानं दिसली, आणि सुमारे ३४,००० ग्राहकांची पानं अशी इतरांना दिसली असावीत असं वाल्व्ह कंपनीने नंतर कळवलं होतं. लॉगिनची कुकी असलेल्या कुठल्याही विनंतीचं उत्तर कॅशेत जाऊ नये, आणि खात्याच्या पानांवर ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ असावं. लॉगिनचं पानही कॅशे करू नका. त्यातलं सुरक्षा-टोकन (फॉर्म याच साइटवरून आल्याची खूण) शिळं झालं की पहिला प्रयत्न फसतो आणि दुसरा चालतो, आणि दोष नेहमीप्रमाणे सभासदाच्या बोटांना.

आत आलो, पण ‘तुम्ही सभासद नाही’

इथे लॉगिनचा काही दोष नाही. जवळजवळ नेहमीच एका माणसाची दोन खाती असतात: वर्गणी एका खात्यावर, माणूस दुसऱ्या खात्यात.

दुसरं खातं जन्माला येतं ते बहुधा आपल्याच हातून. सभासदाने नोकरी बदलली, जुना ऑफिसचा ईमेल गेला, रीसेटची लिंक तिकडेच जाते. तो नव्या ईमेलने नोंदणी करतो. किंवा कार्यालयाला फोन करतो आणि तिथे नावावरून शोध घेतला जातो, काही सापडत नाही, म्हणून नवं खातं उघडून दिलं जातं. सापडत का नाही? ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, नाहीतर साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत. शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवा, त्यात ही दोन्ही रूपं एकाच साच्यात आणा आणि न दिसणारी चिन्हं काढून टाका. मूळ नाव मात्र सभासदाने लिहिलं तसंच राहू द्या. ईमेलमध्येही असंच फसायला होतं: जीमेलच्या पत्त्यातले पूर्णविराम जीमेल मोजत नाही, आपली साइट मोजते. दोन्ही रूपांनी नोंदणी झाली तर मेल एकाच पेटीत येतात आणि खाती मात्र दोन.

विलीन करताना जुनं खातं ठेवायचं, कारण पावत्या आणि सभासद क्रमांक त्याला जोडलेले असतात. नव्या खात्यावर जे काही जमा झालं असेल ते जुन्यावर आणायचं, नवं बंद करायचं आणि त्याचा ईमेल जुन्याला द्यायचा. बंद करायचं, पुसायचं नाही. पुसलं तर त्याच्या नावावरचं लिखाण आणि पावत्या अनाथ होतात, आणि काही प्रणालींत त्याबरोबर सरळ नाहीशाही होतात. ईमेल बदलायची विनंती फोनवर आली तर सभासद क्रमांक आणि शेवटच्या पावतीचा तपशील विचारूनच पुढे जा, आणि बदलाची सूचना जुन्या ईमेलवरही जाऊ द्या. दुसऱ्याचं खातं बळकवायचा सर्वांत सोपा रस्ता मदत करायला उत्सुक असलेल्या कार्यालयातूनच जातो. दीर्घकाळचा उपाय म्हणजे खात्याची ओळख सभासद क्रमांकावर बांधणं आणि ईमेल ही फक्त बदलता येणारी माहिती मानणं. घरातल्या दोघांचा ईमेल एकच असतो ही अडचणही त्याने सुटते.

दोन खाती नसतील तर मुदतीची तारीख बघा. ‘३१ तारखेपर्यंत’ असं सभासदाला सांगितलेलं असतं आणि डेटाबेसात ३१ तारीख, शून्य वाजून शून्य मिनिटं लिहिलेलं असतं. म्हणजे शेवटचा अख्खा दिवस त्याला मिळतच नाही. वर सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर असेल तर आणखी काही तास इकडे-तिकडे. मुदत संपण्याची तुलना दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीशी, सभासदांच्या वेळेत करा. नूतनीकरणाचे पैसे पोचून नोंद व्हायला लागणारा वेळ धरून चारेक दिवसांची ढील दिली तर कुणाचं काही बिघडत नाही.

कुलूप आणि सहा आकडी कोड

पाच चुकांनंतर आयपी बंद, असा नियम लावला असेल तर एका चुकणाऱ्यामुळे त्याच जोडणीवरचे सगळे बाहेर राहतात. एका कार्यालयातले सगळे संगणक आणि मोबाइल नेटवर्कवरचे असंख्य फोन बाहेरून एकाच आयपीचे दिसतात. नुसतं खात्यावर कुलूप लावलं तर कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून दुसऱ्याला बाहेर ठेवू शकतो. खातं आणि आयपी यांची जोडी मोजा, कायमच्या कुलपाऐवजी प्रत्येक चुकीमागे थांबा वाढवत न्या, आणि यशस्वी रीसेटनंतर मोजणी शून्यावर आणायला विसरू नका. ती न आणल्याने ‘नवा पासवर्डही चालत नाही’ अशी तक्रार येते, आणि खरोखरच चालत नसतो.

पासवर्डनंतर दुसऱ्या टप्प्यात मागितला जाणारा ऑथेंटिकेटर ॲपचा कोड कायम चुकत असेल तर घड्याळ बघा. हे कोड २०११च्या टीओटीपी मानकावर चालतात आणि दर ३० सेकंदांनी वेळेवरून तयार होतात. फोनची वेळ हाताने लावलेली असेल आणि ती दोन-तीन मिनिटं पुढे असेल तर एकही कोड जुळणार नाही. फोनमध्ये आपोआप वेळेची सेटिंग चालू करायला सांगा. एकाच वेळी अनेकांचे कोड चुकायला लागले तर सर्व्हरचं घड्याळ सरकलंय, तिथे घड्याळ आपोआप जुळवून ठेवणारं एनटीपी चालू आहे का बघा. फोन हरवलेल्या सभासदासाठी दुसरा टप्पा काढून देण्याचा अधिकार एक-दोघांकडेच ठेवा, ओळख पटवल्याशिवाय तो वापरू नका, आणि काढल्याची सूचना त्याच क्षणी सभासदाच्या नोंदवलेल्या ईमेलवर जाऊ द्या.